ऑपेरा हाउसची वरची गॅलरी आणि एक गिटार

शुक्रवार

मिरजेहून मुंबई म्हणजे महालक्ष्मी एक्स्प्रेस. रात्री बसायचं, वरच्या बर्थवर अंग टाकायचं आणि सकाळी डोळे चोळत सीएसएमटीला उतरायचं. आमच्याकडची माणसं मंत्रालयातल्या कामाला, टाटा हॉस्पिटलला, मुलाखतीला, लग्नाच्या खरेदीला अशीच जातात. मी गाणं ऐकायला चाललेय, हे खालच्या बर्थवरच्या काकूंना काही केल्या पटेना.

"भाचीबिचीचं आहे का गाणं?"

"नाही हो काकू. एक गायक आहे. स्वतःच लिहितो, स्वतःच चाल लावतो आणि गिटार घेऊन स्वतःच गातो."

"एकटाच?"

"एकटाच."

"बरं," म्हणत त्यांनी चादर ओढून घेतली.

या गायकाचं नाव मी लिहिणार नाही. कार्यक्रमात त्याने एक विनंती केली, ती पुढे येईल. त्याची गाणी ऐकणाऱ्यांना वर्णनावरून कळेलच, आणि न ऐकणाऱ्यांना नाव सांगून तरी काय फरक पडणार! एवढं सांगते की मी त्याला कॉलेजपासून ऐकतेय आणि समोर बसून ऐकलाय तो दरवेळी बँडसह. ड्रम, बेस, कीबोर्ड, आणि पुढे उड्या मारणारी पोरं. मजा येते, पण शब्दांपैकी अर्धे ड्रमखाली जातात. यावेळच्या पोस्टरवर एकच खुर्ची आणि एक गिटार होती. मी त्याच दुपारी तिकिटं काढली. दोन काढली, कारण एक मैत्रीण येणार होती. आठवडाभर आधी तिच्या ऑफिसात ऑडिट निघालं आणि तिकीट शिल्लक राहिलं.

शनिवार

सीएसएमटीला उतरून टॅक्सीच्या रांगेकडे न जाता भुयारी मेट्रोत शिरले. आरे ते कफ परेड हा सगळा मार्ग २०२५च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला, तेव्हापासून गिरगाव इथून दोन स्टेशनांवर आलंय. काळबादेवी, मग गिरगाव. मावशी ठाकूरद्वारला चाळीत राहते. मेट्रोचं कौतुक करायला तोंड उघडलं तर म्हणाली, "दहा वर्षं खालून हादरे खाल्लेत आम्ही. आता बसते मी हक्काने. पण शेजारच्या दोन बिल्डिंगी रिकाम्या झाल्या त्या झाल्याच."

मावशी महापालिकेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. भजनी मंडळात पेटी वाजवते. चहा गाळताना मी सहज म्हटलं, की माझ्याकडे एक तिकीट जास्तीचं आहे.

"कुठे आहे?"

"ऑपेरा हाउसला."

"अगं मग विचारतेस काय! पुन्हा सुरू झाल्यापासून आत जायचं म्हणतेय. आम्ही सिनेमे बघायचो तिथे. कोण गातंय म्हणालीस?"

तिला एक गाणं मोबाइलवर लावून दाखवलं. अर्ध्यातच तिने आवाज बारीक केला. "मागे सगळी धडधड आहे. आजही अशीच असणार का?" नसेल म्हटल्यावर यायला तयार झाली.

सकाळ मोकळी होती म्हणून धोबीतलावपर्यंत चालत गेले. गिटार वाजवणाऱ्यांना हा चौक माहीत असतोच. जेर महाल या जुन्या इमारतीच्या बाजूला फुर्ताडोज हे वाद्यांचं दुकान आहे, १८६५ सालापासूनचं. जेर महालच्या वरच्या मजल्यांवर गोव्याच्या गावागावांचे कूड, म्हणजे बोटीवर नोकरी शोधायला आलेल्या गोवेकरांच्या राहायच्या जागा. या शहरातल्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन आणि ट्रम्पेट धरलेले कितीतरी हात याच भागात उतरले होते. पलीकडे झेवियर कॉलेजला लागून रंगभवन. १९७८ सालचा पहिला जॅझ महोत्सव, म्हणजे जॅझ यात्रा, तिथेच, उघड्या आकाशाखाली झाली. पुढे आजूबाजूला हॉस्पिटलं आणि कॉलेजं असल्याने शांतता क्षेत्राचा नियम आला आणि तिथलं संगीत थांबलं. मी फाटकाबाहेर जरा उभी राहिले. बघण्यासारखं काही नाही, पण जुन्या गिटारवाल्यांच्या तोंडी ही जागा इतक्यांदा ऐकलीय की राहवलं नाही.

मग फुर्ताडोजमध्ये तारांचा एक संच घेतला. माझी गिटार घरी कपाटावर असते. वाजवते यथातथाच, पण तारांचं मला आधीपासून वेड आहे, आणि त्याचं कारण मिरज. आमच्या घरापासून सतारमेकर गल्ली दोन वळणांवर. पंढरपूरकडून आलेले भोपळे अंगणात वाळत पडलेले, रंधा मारलेल्या लाकडाचा वास आणि कुणीतरी दुपारभर एकच तार छेडत बसलेलं, हे मी शाळेत जाता-येता पाहिलंय. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात फ्लेक्स लागले होते. सांगायचा मुद्दा हा की तानपुऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या ठोकळ्याचा, माथा कानशीने घासतो, तार छेडतो, कान लावतो, पुन्हा घासतो. तारेखाली सुताचा धागा सरकवतो. एवढं सगळं कशासाठी, तर तार घोडीला किंचित चाटत राहावी आणि सुरातून ती भणभण निघावी म्हणून. गिटारवाल्याला मात्र तार कुठे चाटली की खोट वाटते. तो ती खोट काढायला दुकानात येतो. काउंटरवर माझ्या पुढचा मुलगा तेच सांगत होता, "तिसऱ्या तारेला बझ येतोय." मला हसू आलं.

कयानीत बनमस्का आणि चहा. पुढचं सांगण्यासारखं नाही. उन्हातून परत आले आणि मावशीच्या फरशीवर तासभर झोपले.

संध्याकाळी मावशी कांजीवरम नेसून तयार. "गिटारच्या कार्यक्रमाला?" "ऑपेरा हाउसला," ती म्हणाली.

ही इमारत बाहेरून रस्त्यावरच्या गर्दीत पटकन नजरेत भरत नाही आणि आत गेल्यावर माणूस गप्प होतो. कोलकात्याचा करमणुकीचा व्यावसायिक मॉरिस बँडमन आणि कोळशाचे पारशी व्यापारी जहांगीर फ्रामजी कराका या दोघांनी ती बांधायला घेतली. १९११ साली पाचव्या जॉर्जने उद्घाटन केलं, तेव्हा काम पुरं व्हायचं होतं. पुढे सिनेमा आला, १९५२ साली इमारत गोंडलच्या राजघराण्याकडे गेली, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दारं बंद झाली आणि पुढची वीसेक वर्षं बंदच राहिली. आभा नारायण लांबा यांनी जीर्णोद्धार केल्यावर २०१६ साली पुन्हा उघडली. सोनेरी नक्षी, झुंबरं, दोन्ही अंगांना बॉक्स आणि वर घुमट. मावशी जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत, गुडघ्यांशी वाटाघाटी करत गॅलरीत पोचली. मी तिकिटं सगळ्यात वरची काढली होती. स्वस्त म्हणून काढली हे खरं, पण अशा घोड्याच्या नालेसारख्या नाट्यगृहात वर आवाज चांगला येतो हेही ऐकून होते. खाली मागच्या रांगांवर बाल्कनीचं छत येतं, त्याखाली आवाज जरा दबतो.

रंगमंचावर एक स्टूल, एक छोटी सतरंजी, स्टँडवर दोन गिटारी, एक पाण्याची बाटली आणि दोन माइक. निवेदक नाही, दीपप्रज्वलन नाही. ("पाहुण्यांचा सत्कारही नाही?" मावशी.) दिवे मंद झाले आणि तो चालत आला. काळा कुर्ता, केस पांढरे व्हायला लागलेत. स्टुलावर बसला आणि गिटार लावायला लागला.

रेकॉर्डिंगमध्ये आपल्याला जे मिळत नाही ते इथून सुरू होतं. गाणी मला पाठ आहेत, ती घरी ऐकता येतात. गाणं सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यानंतर एकटा माणूस काय करतो, ते बघायला मी रात्रभराचा प्रवास करून आले होते.

पहिलंच गाणं माझं सगळ्यात आवडतं, बँडबरोबर पळतं ते. इथे त्याने लय निम्म्याला आणली. अंगठा खालच्या तारांवर ठेका धरून, बाकीची बोटं वर चालीशी खेळताहेत, अधूनमधून तळवा गिटारच्या लाकडावर. ड्रम जिथे घुसायचा तिथे त्याने जागा तशीच रिकामी सोडली. मला तिथे ड्रम ऐकू आला, कारण कानात बसलाय; मावशीला आला नसणार. दुसऱ्या कडव्यातली एक ओळ मी इतकी वर्षं चुकीची म्हणत होते, हेही तेव्हाच कळलं.

मग गुणगुण सुरू झाली, वायरीतून येणारी. त्याने कुणालाही हाक न मारता वाकून स्वतःची वायर काढली, पिशवीतून दुसरी लावली. "पोस्टरवर अकूस्टिक लिहितो," तो म्हणाला, "आणि ही बघा, वायर." लोक हसले. अकूस्टिक म्हणजे विजेशिवाय वाजणारी गिटार, आणि बोलला ते खरं होतं. अशा गिटारीत घोडीच्या पट्टीखाली एक बारीक पिकअप बसवलेला असतो, तो तारेचा दाब टिपतो. आवाज मोठा होतो, पण लाकूड त्यातून गळून पडतं आणि जरा प्लास्टिकसारखी टणटण उरते. म्हणूनच त्याने गिटारसमोर वेगळा माइकही ठेवला होता आणि दोन्ही आवाज मिसळले होते. जिथे तो माइकच्या जवळ सरके तिथे लाकूड ऐकू येई.

दर दोन गाण्यांनंतर सूर लावणं. सभागृह गार, पण त्याच्या डोक्यावर दिवे. तारा तापल्या की सैलावतात आणि सूर उतरतो. मावशीची चुळबुळ सुरू झाली. "अगं किती वेळ पिळतोय खुंट्या! आमचा तबलजीसुद्धा एवढी ठोकाठोक करत नाही." तेवढ्यात त्याने सगळ्यात जाड तार चांगली पूर्ण स्वराने खाली उतरवली आणि मोकळी छेडली. तो आवाज पायाखालून आला. मावशी सरळ बसली. "खर्ज लावला," ती कुजबुजली, आणि त्यानंतर तिने खुंट्यांबद्दल तक्रार केली नाही.

मध्येच त्याचं नख तुटलं. उजव्या हाताच्या अनामिकेचं. बोटांनी वाजवणाऱ्यांची नखंच त्यांची मिजराब, म्हणजे तारा छेडायचं साधन, त्यामुळे हा प्रसंग साधा नाही. त्याने खिशातून छोटी कानस काढली आणि बोलत बोलत नख घासत बसला. आईच्या घरातल्या गळक्या नळाबद्दल बोलत होता, प्लंबर तीनदा येऊन गेल्याबद्दल. घासून झालं की अंगठ्याने कड तपासायचा, पुन्हा घासायचा. मग एक तार छेडून बघितली, मान हलवली, परत घासलं. सतारमेकर गल्लीतला तो दुपारचा आवाज मला ऑपेरा हाउसच्या गॅलरीत ऐकू आला म्हटलं तर कुणाला खोटं वाटेल, पण कानस तीच.

यानंतर ती विनंती. "आता काही नवी गाणी. कच्ची आहेत. मोबाइल खिशात राहू द्या. आणि घरी जाऊन कुणी त्याबद्दल लिहिणार असेल, तर लिहा, पण माझं नाव घालू नका. गाणं बदललं तर मला नामानिराळा होता आलं पाहिजे." लोक हसले आणि आश्चर्य म्हणजे फोन खरोखरच आत गेले. वरून खाली बघताना एकही उजळलेला चौकोन दिसत नव्हता.

नव्यातलं एक गाणं हयातीच्या दाखल्याबद्दल होतं. दर नोव्हेंबरला वडील बँकेत जातात आणि आपण जिवंत आहोत असं सांगतात. यंत्र अंगठा ओळखत नाही, रेषा झिजल्यात. कारकून म्हणतो, पुसून लावा. पुन्हा नाही. मग दुसरं बोट. गाण्यात विनोद कुठेच ओढून आणलेला नव्हता, चालही सरळ, दोनच स्वरसंगती फिरून फिरून येणाऱ्या. दुसऱ्या बोटाची ओळ आली आणि सबंध सभागृहात एकटी मावशी खळखळून हसली. मोठ्याने. तिचा अंगठाही गेल्या वर्षी लागला नव्हता, डोळ्यांवरून काम भागवलं होतं. त्याने वर बघितलं. गिटार चालू ठेवून, गाण्याच्याच लयीत म्हणाला, "तुमचाही?"

"हो!" मावशी गॅलरीतून ओरडली.

आता सगळं सभागृह हसलं आणि याचा परिणाम असा झाला की तो पुढचं कडवं विसरला. बँड असता तर एखादं वाद्य पुढे सरकलं असतं, कुणाला कळलंही नसतं. इथे गिटार तशीच दोन स्वरसंगतींवर फिरत राहिली, एक फेरी, दोन फेऱ्या, तीन. प्रेक्षकांतून कुणी सुचवणार तरी कसं, गाणंच नवीन. शेवटी त्याने वाजवणं थांबवून खिशातून घडी घातलेला कागद काढला, मांडीवर पसरला, वाचला, पुन्हा घडी घालून ठेवला आणि कडव्याच्या सुरुवातीपासून घेतलं. मला त्या संध्याकाळचा सगळ्यात भरलेला भाग हाच वाटला. ते कडवं तो त्यानंतर ज्या जपून शब्द टाकत गायला, तसं सरावलेल्या गाण्यात होत नाही.

सगळं काही आवडलं असं नाही. शेवटाकडे त्याने प्रेक्षकांना ध्रुवपद म्हणायला लावलं, डावी बाजू, उजवी बाजू, मग गॅलरी. हे आता प्रत्येक कार्यक्रमात असतं आणि एकट्याने गायचा घाट घातल्यावर त्याची गरज नव्हती. दोन गाणी कमी असती तरी चाललं असतं. त्यातल्या एकात मावशीला डुलकी लागली.

शेवटच्या गाण्याला त्याने वायर काढली आणि स्टूल मागे सारून रंगमंचाच्या कडेला येऊन उभा राहिला. माइक मागे राहिले. त्याने हातात पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, घेतली; बोटांनी एवढ्या मोठ्या जागेत भागणार नाही हे त्याला माहीत असावं. आवाज एकदम लहान झाला आणि सगळे पुढे वाकले. शब्द वर स्वच्छ येत होते, अगदी श्वासासकट. गिटारचं मात्र अर्धंच पोचत होतं: जाड तारा जवळजवळ गायब, वरच्या तेवढ्या चकाकत होत्या. याच रंगमंचावर बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ गायले. त्या काळी माइक नव्हते. गंधर्व मंडळींची साथ आठवा: पायपेटीचा अखंड भरणा, सारंगीला कादरबक्ष, तबल्याला थिरकवाँ. एका गिटारीकडून तो भरणा होणार नाही, आणि त्याने तसा प्रयत्नही केला नाही. दोन ओळींमध्ये नुसता थांबत होता. त्या थांब्यांत बुटाचं टोक लाकडावर आपटल्याचं ऐकू येत होतं.

टाळ्यांनंतर तो वाकला, गॅलरीकडे बघून स्वतःचा अंगठा वर करून दाखवला आणि गेला. मावशीनेही आपला अंगठा दाखवला.

घर चालत दहा-बारा मिनिटांवर. वाटेत तिने तिकिटाची किंमत विचारली. मी निम्मी सांगितली. "तरी जास्तच," ती म्हणाली. "पण शब्द कळत होते त्याचे. आणि हात स्वच्छ आहे."

रविवार

मेगाब्लॉकच्या दिवशी कुठे लांब जाण्यात अर्थ नव्हता. पणशीकरांकडे साबुदाणा वडा आणि पियूष, मग खोताच्या वाडीत एक फेरी. लाकडी जिने, रंगवलेले व्हरांडे, आणि मागे उंच इमारतींची रांग, दरवेळी थोडी पुढे सरकलेली.

मला जायचं होतं ते फ्रेंच ब्रिजकडे. प्रोफेसर बी. आर. देवधरांनी १९२५ साली याच ऑपेरा हाउसच्या परिसरात स्कूल ऑफ इंडियन म्युझिक सुरू केलं. देवधर मास्तर जन्माने मिरजेचे. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, आणि विष्णु दिगंबर गाणं शिकले तेही मिरजेत, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. देवधरांनी पाश्चात्त्य संगीताचाही रीतसर अभ्यास केला होता, आवाज कसा कमवावा यावर ते आयुष्यभर विचार करत राहिले. लहानगा कुमार गंधर्व त्यांच्याकडेच शिकायला आला. मास्तरांना कालचं गाणं कसं वाटलं असतं, असं माझ्या मनात येत राहिलं. गाणं कदाचित सोडून दिलं असतं, पण माइक सोडून कडेला आल्यावर त्याने आवाज कुठून काढला, हे त्यांनी नक्की टिपलं असतं. मला गॅलरीतून एवढंच दिसलं की खांदे हलले नाहीत.

दुपारी घरी मावशीची पेटी काढली होती. ती ते हयातीचं गाणं वाजवायचा प्रयत्न करत होती. चाल बऱ्यापैकी धरली होती, पण पट्टी तिची, काळी चार. मी म्हटलं, कच्चं गाणं आहे, बाहेर काढायचं नाही असं ठरलंय. "मी कुठे त्याचं नाव घेतेय?" असं म्हणून तिने पुन्हा सुरुवात केली.

रात्री महालक्ष्मीत बसल्यावर हेडफोन लावून त्याचं जुनं गाणं ऐकलं, कार्यक्रमातलं पहिलं. रेकॉर्डिंग चांगलंच वरच्या पट्टीत आहे. म्हणजे शनिवारी त्याने ते खाली आणून गायलं होतं. वय झालं म्हणून असेल, एकटा होता म्हणून असेल. खालच्या पट्टीतलं जास्त चांगलं होतं, हे माझं मत. रेकॉर्डिंगमध्ये तिसऱ्या ओळीआधी श्वास कापून टाकलाय, तेही आता खटकलं.

कल्याण गेल्यावर मावशीचा फोन. पोचलीस का, डबा खाल्लास का, आणि परत कधी आहे त्याचं. पुण्याला लागेल असं वाटतंय, सांगितलं. तिकडून थेट उत्तर आलं, "पुण्याला कोण जातंय! इथे असेल तर सांग. आणि वरचंच काढ."